रिकामी पुंगळी आणि तीन कागद



भुसावळजवळच्या एका खेड्यातले गुरुजी परवा आठवड्याच्या बाजारात भेटले. भाजीच्या पिशवीतून त्यांनी रुमालात बांधलेली एक वस्तू काढली आणि माझ्या हातावर ठेवली. तांबड्या प्लॅस्टिकची नळी, बुडाशी पितळेची वाटी आणि वाटीच्या मधोमध पडलेला एक खळगा. बारा बोअरच्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती ती.

"पोरानं वर्गात आणली होती," गुरुजी म्हणाले. "आजोबांकडे पीक राखायची बंदूक आहे, तिची. पोरगं विचारतं, गुरुजी, ह्यात परत दारू भरता येते का? मामा म्हणतात येते, आणि पैसे वाचतात. आता मी त्याला काय सांगू, भाऊसाहेब? येते म्हणावं तर पोरगं घरी जाऊन भरायला बसेल. येत नाही म्हणावं तर ते खोटं होईल."

गुरुजींची अडचण खरी होती. पोराला खोटे सांगायचे नाही आणि खरे सांगितले तर हात जायची भीती. तेव्हा बाजारात उभ्याउभ्या जे सांगता आले नाही ते आज जरा सवडीने सांगतो. प्रश्न एकट्या त्या पोराचा नाही. यावल-रावेरच्या केळीच्या बागांत, सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांत रानडुकरांचा उपद्रव आहे आणि काही घरांत परवान्याची बंदूकही आहे. जिथे बंदूक आहे तिथे आज ना उद्या हा प्रश्न निघतोच.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्यात चार वस्तू असतात. पहिली पुंगळी, म्हणजे बाहेरचे भांडे. दुसरी तिच्या बुडात बसवलेली टोपी. बंदुकीची सुई टोपीवर आपटली की टोपीतला मसाला पेट घेतो. तिसरी दारू, आणि चौथी गोळी किंवा छर्रे. टोपी म्हणजे आगकाडी आणि दारू म्हणजे सरपण असे समजा. बार झाला की टोपी, दारू आणि छर्रे तिन्ही संपतात. पुंगळी मात्र जवळजवळ जशीच्या तशी हातात राहते. चार वस्तूंपैकी जी घडवायला कठीण तीच शिल्लक राहिली म्हटल्यावर ती फेकून द्यायला जीव होत नाही, आणि त्यातूनच पुन्हा भरण्याची कल्पना निघते. ही कल्पना काही मूर्खपणाची नाही. अमेरिकेत आणि युरोपात हजारो नेमबाज आपापली काडतुसे घरी भरतात. म्हणजे मामा म्हणतात ते शक्य आहे खरे. पण शक्य असणे वेगळे, आपल्याला जमणे वेगळे आणि कायद्याने मुभा असणे आणखी वेगळे.

जमण्याचे आधी बोलू.

भुसावळच्या जुन्या माणसांनी वाफेची इंजिने पाहिलेली आहेत. त्या मोठ्या इंजिनांच्या बाष्पकात वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चौदा पट असे. तेवढ्या दाबासाठी केवढे जाड पत्रे, किती रिव्हिटा आणि किती तपासण्या! एसटीच्या चाकातली हवा सात-आठ पट दाबाची. आणि बारा बोअरच्या बंदुकीत बार होताना नळीच्या बुडाशी जो दाब उठतो तो सातशे पटींच्या घरात जाऊ शकतो. रायफलीत तर साडेतीन-चार हजार पट. हा दाब उठतो आणि ओसरतो तो सेकंदाच्या काही हजारांश भागांत. आणि हे सारे घडते गालापासून वीतभर अंतरावर, कारण बंदूक खांद्याला लावलेली असते.

नळी हा दाब सोसते, कारण काडतूस भरणाऱ्याने दारू अगदी मापात घातलेली असते. दारू थोडी जास्त झाली की दाब थोडाच वाढेल असे कोणालाही वाटेल, पण बंदुकीचे गणित तसे सरळ नाही. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. ह्या चढाला एका हद्दीनंतर लगाम राहत नाही. त्यातच दारू एका जातीची नसते. काळी दारू वेगळी, धूर न करणारी दारू वेगळी आणि त्या दुसरीतही हळू जळणारी, झटकन जळणारी असे कितीतरी प्रकार. एकीचे माप दुसरीला लावले तर नळी फुटते. फटाक्यातल्या दारूबद्दल तर बोलायलाच नको. ती ढकलण्यासाठी केलेलीच नसते, ती फुटण्यासाठी केलेली असते.

घरी भरणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या चुकांत तीन चुका जगभर कुप्रसिद्ध आहेत. पहिली, एकाच पुंगळीत दोनदा दारू पडणे. धूर न करणारी दारू थोडकीच लागते. पुष्कळदा ती निम्मी पुंगळीही भरत नाही. मध्येच कोणी हाक मारली, चहा आला, आणि परत बसल्यावर त्याच पुंगळीत दुसरे माप गेले तर वरून काही कळत नाही. दुसरी चूक उलटी, दारू घालायचेच राहून जाणे. बार फुसका होतो, गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, माणसाला वाटते काडतूस सादळले होते आणि तो दुसरे भरून चाप ओढतो. पुढे जाणारी वाट बंद असते, मग नळी फाटते. तिसरी चूक म्हणजे थकलेली पुंगळी. ही समजायला वरणगावला जावे लागेल.

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरणगाव आहे आणि तिथला आयुध कारखाना १९६४ सालचा. भुसावळचा आयुध कारखाना त्याच्या आधीचा, १९४९ सालचा. तिथे दारूगोळा ठेवण्याच्या धातूच्या पेट्या आणि तत्सम वस्तू होत आल्या. वरणगावला मात्र रायफलींची काडतुसे होतात. २०२१ च्या १ ऑक्टोबरपासून आयुध कारखान्यांचे जुने मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया कंपनीकडे आणि भुसावळ नागपूरच्या यंत्र इंडिया कंपनीकडे गेले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली माणसे ह्या दोन कारखान्यांच्या भोंग्यावर वाढली.

रायफलीची पुंगळी ज्या पितळेची होते त्यात शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. पितळेची चकती घेऊन तिची आधी वाटी करतात, मग ती वाटी दाबून दाबून, ओढून ओढून लांब नळी करतात. पण एका ओढीत हे साधत नाही. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कडक होते आणि पुढची ओढ दिली तर ते तडकेल, म्हणून मध्ये मध्ये ते तापवून नरम करावे लागते. तांबटाला हे सांगायची गरज नाही. हंडा ठोकता ठोकता पत्रा कडक झाला की तो भट्टीत घालतो, नरम करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. तोच गुण पुंगळीतही असतो. बार झाला की पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला चिकटते. पुन्हा भरायची तर तिला साच्यात दाबून मूळ आकारावर आणावे लागते. एकदा फुगली, एकदा दाबली. दुसऱ्यांदा फुगली, दुसऱ्यांदा दाबली. प्रत्येक वेळी ती थोडी कडक होते, थोडी ताणली जाते, बुडाजवळ थोडी पातळ होते. मग एक दिवस ती तिथेच फाटते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. किती वेळा भरली म्हणजे ती थकली, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. ते शिकावे लागते, मोजावे लागते आणि लिहून ठेवावे लागते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण कोरलेली असते. लष्करी काडतुसावर बहुधा सालही असते. काही बिघडले तर हे काडतूस कुठले, केव्हाचे, कोणत्या खेपेचे हे शोधता येते, कारण कारखान्यात प्रत्येक खेपेतले नमुने झाडून दाब मोजलेला असतो आणि त्याची नोंद राहते. घरी पुन्हा भरलेल्या काडतुसाच्या बुडावर खूण तीच राहते, पण आतले भरण भलत्याचेच असते. भरणाऱ्याला ते ठाऊक असते, पण त्याच्या पश्चात ते डबे कपाटात सापडले तर मुलाला काय कळणार? तो खूण बघून विश्वासाने काडतूस नळीत सारणार.

काही देशांनी इथे दाखल्याची अट घातली आहे ती ह्याचसाठी. जर्मनीत स्फोटकांचा कायदा आहे. त्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे घरी काडतुसे भरणाऱ्याला वेगळी परवानगी घ्यावी लागते. आधी सरकार त्याची चौकशी करून 'ह्याला हरकत नाही' असा कागद देते. मग त्याने मान्य शिक्षणवर्गात बसायचे, परीक्षा द्यायची, आपल्याला ह्याची गरज आहे हे दाखवायचे, तेव्हा कुठे परवानगी मिळते. तीही पाच वर्षांची. अमेरिकेची तऱ्हा उलटी. तिथे स्वतःच्या वापरासाठी भरायला मध्यवर्ती सरकारचा परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरले की मात्र लागतो. शिक्षणवर्ग तिथेही आहेत, पण ते ज्याच्या त्याच्या शहाणपणावर सोडलेले. दोन्ही देशांत वापरायची माहितीची पुस्तके आणि तागड्या जवळपास सारख्याच आहेत. फरक एवढाच की एक देश आधी परीक्षा घेतो आणि दुसरा माणसावर भरवसा टाकतो.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे लोकांचा घोटाळा होतो तो तीन कागदांचा. एक परवाना, दुसरा शिक्षणाचा दाखला आणि तिसरा तयार करण्याचा परवाना. ज्याच्याकडे पहिला आहे त्याला वाटते तिन्ही आपल्या खिशात आहेत.

पहिला कागद बंदूक व काडतुसे बाळगण्याचा. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे बंदूक व दारूगोळा जवळ ठेवायचा तर परवाना पाहिजे, आणि वयाची एकवीस वर्षे पुरी झालेली पाहिजेत. जिल्ह्यात हा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेरावे कलम वाचण्यासारखे आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कायदा आधी ठासणीच्या बंदुकीचे नाव घेतो. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देऊ शकतो. आमच्या पोराच्या आजोबांची बारा बोअरची बंदूक ती ही दुसरी. परवान्यावर काडतुसे एका वेळी किती ठेवायची आणि वर्षात किती घ्यायची हेही लिहिलेले असते. (आणि परवाना आहे म्हणून डुकराला मारता येते असेही नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वन खात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.)

दुसरा कागद शिक्षणाचा. हा पूर्वी नव्हता. १९६२ चे जुने नियम जाऊन २०१६ साली नवे शस्त्र नियम आले, त्यांनी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याला सुरक्षिततेचे शिक्षण घेणे भाग केले. मान्यताप्राप्त शिक्षकाने ते द्यायचे आणि एस-१ नमुन्यात दाखला लिहून द्यायचा. ह्या शिक्षणात काय येते? शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळणे आणि बरोबर नेणे, नेम धरून बार करण्याची रीत, शस्त्राची व काडतुसांची निगा, आणि ती घरात ठेवण्याची व गावोगाव नेण्याची काळजी. म्हणजे तयार काडतूस हातात आल्यापासून पुढचे सारे. काडतूस तयार कसे करावे हा धडा त्यात नाही. तेव्हा हा दाखला म्हणजे बैलगाडी हाकता येते असे म्हणणारा दाखला आहे. चाक घडवता येते असे तो म्हणत नाही.

तिसरा कागद तयार करण्याचा. पाचवे कलम म्हणते की शस्त्रे व दारूगोळा तयार करणे, विकणे, दुरुस्त करणे वगैरे गोष्टी परवान्यावाचून करू नयेत. आणि दारूगोळा म्हणजे काय ह्याची व्याख्या दुसऱ्या कलमात मोठी रुंद केली आहे. नुसते तयार काडतूसच दारूगोळा नव्हे, तर त्याचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही त्यातच मोडते. तेव्हा रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवे छर्रे घालून पुन्हा झाडता येणारे काडतूस केले तर आपण त्याला घरात 'भरणे' म्हणू, पण कायद्यापुढे ते 'तयार करणे' आहे असेच धरून चालावे. ज्याच्या परवान्यावर तशी मुभा स्पष्ट लिहिलेली नाही, त्याला ती मिळालेली नाही. शिक्षाही लहान नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवे कलम मोडून दारूगोळा तयार करणाऱ्याला कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप, आणि वर दंड. चार पैशांची बचत करायला निघालेल्या मामांना हे ठाऊक असेल असे वाटत नाही. दारू स्वतंत्रपणे स्फोटकांच्या कायद्याखालीही येते. तो कायदा १८८४ चा आणि त्याखालचे आजचे नियम २००८ चे. ते बघणारे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

इथे कोणी शेतकरी मला अडवील. म्हणेल, "अहो, माझ्याकडे ठासणीची आहे. ती तर प्रत्येक बाराला मीच भरतो. मग मी काय रोज गुन्हा करतो?" नाही. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतेच. नळीत तोंडाकडून दारू, वर गुंडाळी, वर छर्रे, आणि बाहेरून टोपी, ही तिची वापरण्याचीच रीत आहे. परवान्यावर दारू आणि टोप्या लिहिलेल्या असतात, त्या परवानाधारक दुकानदाराकडून घ्यायच्या. पण मजा पहा, कारखान्यातला माणूस जी जबाबदारी तागडीसमोर बसून घेतो ती हा शेतकरी रात्री मचाणावर, अंधारात, डुकराची चाहूल ऐकत घेतो. शिक्षणाची खरी गरज त्याला आहे. म्हणून ह्या बंदुकीबद्दल चार गोष्टी जरा तपशीलाने सांगतो.

ठासणीच्या बंदुकीत दारू ती काळीच. धूर न करणारी दारू तिच्यात चिमूटभरही घालू नये. जुन्या नळीचे लोखंड त्या दाबासाठी केलेले नाही. दारू डब्यातून सरळ नळीत कधी ओतू नये. आधीच्या बाराची एखादी ठिणगी नळीत धुमसत असली तर आग उलटून डब्यात शिरते आणि हातातला डबाच उडतो. आधी मापात घ्यावी, डबा बंद करून दूर ठेवावा, मग मापातली ओतावी. माप एकच ठेवावे. 'आज डुक्कर मोठे आहे, जरा जास्त घालू' ही बुद्धी घातक आहे. बार उडाला नाही तर नळीचे तोंड निर्धोक दिशेला धरून मिनिटभर तरी थांबावे. कधी कधी बार उशिरा होतो. आणि ठासताना गजावर डोके झुकवू नये. गज नळीतून सुटून छातीत शिरल्याच्या गोष्टी जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी आहेत.

सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट गजावरच्या खुणेची. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करा. मापात भरल्यावर गज जिथे टेकतो तिथे दुसरी खूण करा. पुढे केव्हाही बंदूक हातात घेतली की गज घालून पाहावा. पहिल्या खुणेवर टेकला तर रिकामी, दुसरीवर टेकला तर भरलेली, आणि दुसरीच्याही बाहेर राहिला तर कोणीतरी दोनदा भरून ठेवली आहे, तिला हात लावू नका, जाणत्याकडे न्या. खुंटीला टांगलेली बंदूक रिकामी समजून पोरांनी खेळायला घेतली आणि अनर्थ झाला अशा बातम्या आपण वाचतो. दोन खुणांना पैसा लागत नाही.

आता जरा नेमबाजीच्या खेळाकडे वळू. आपल्या देशात रायफल असोसिएशनची राष्ट्रीय संस्था १९५१ साली निघाली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेतला तो लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर ह्यांनी. घराणे मूळचे रत्नागिरीकडचे, कर्तृत्व गुजरातेत. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते आणि वरच्या स्पर्धांची वाट तिच्यावरून जाते. अलीकडचे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. ते नोकरीला मध्य रेल्वेत, म्हणजे भुसावळकरांच्या आपल्या रेल्वेत. तेव्हा इथे पेढे वाटले असतील तर त्यात नवल नाही.

हा पन्नास मीटरचा खेळ पॉइंट बावीसच्या रायफलीने खेळतात. तेराव्या कलमात रायफल क्लबाच्या सभासदासाठी जी रायफल सांगितली आहे तीही हीच. तिच्या काडतुसाची गंमत अशी की त्याच्या बुडात वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, आतल्या बाजूने फिरवून बसवलेला असतो आणि सुई त्या कडेवर आपटून कड चेपते. एकदा चेपली की संपले. टोपी काढून नवी घालावी म्हटले तर टोपीच नाही. ज्या काडतुसावर देशाला पदक मिळाले ते पुन्हा भरण्याजोगे नाहीच. म्हणजे 'पुन्हा भरल्यावाचून नेमबाज तयार होत नाहीत' हा जो एक युक्तिवाद ऐकू येतो, त्याला निदान ह्या खेळात तरी आधार नाही.

मोठ्या बोअरच्या रायफलींनी खेळणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांना नेमाच्या बारकाव्यासाठी हातभरणी हवी असते आणि त्यांची तक्रार मला अगदीच गैर वाटत नाही. क्लबाच्या जागेत, जाणत्याच्या देखरेखीखाली, जर्मनीसारखी परीक्षा घेऊन अशा मोजक्या लोकांना मुभा द्यावी की काय, ह्याचा विचार सरकारने करायला हरकत नाही. घराघरांत मात्र नको. चुलीजवळ, धान्याच्या कोठीशेजारी, पोरांच्या येण्याजाण्यात हे काम होता कामा नये, मग भरणारा कितीही हुशार असो. आणि दाखल्याबद्दलही माझे एक म्हणणे आहे. शिक्षण भाग केले हे चांगले झाले, पण ते शेतकऱ्याच्या हाताशी आले पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी, पेरणी-कापणीचे दिवस सोडून, त्याच्या बोलीत आणि त्याच्याच ठासणीच्या बंदुकीवर ते मिळाले तर कागदाचा खरा उपयोग. नाहीतर दाखला फायलीत राहील आणि गजावर खूण नसेल.

शिक्षकांपैकी जे राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पाहतात त्यांना एक शिस्त ठाऊक आहे. गोळीबाराच्या मैदानावर काडतुसे मोजून देतात आणि बार झाल्यावर पुंगळ्याही मोजून परत घेतात. एक कमी भरली तर सारी तुकडी गवतात वाकून शोधते. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाला सांगावे लागते की माझ्यापाशी काडतूस नाही, पुंगळीही नाही. छात्रांना वाटते एवढ्याशा पितळेसाठी काय हा आटापिटा! पण त्या पितळेत पुन्हा दारू जाऊ शकते, म्हणूनच ती मोजायची.

मग आमच्या पोराने आणलेल्या पुंगळीचे काय? ती नुसती जवळ असली म्हणून पोर गुन्हेगार होते का? गुरुजींनी मला हेही विचारले होते. शस्त्र कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात ह्याची सोय आहे. दारूगोळ्याचे किरकोळ भाग जवळ आहेत, पण ते इतर भागांबरोबर जुळवून वापरण्याचा हेतू नाही, तर त्याला हा कायदा लागत नाही. म्हणजे हेतूवर गोष्ट आहे. वर्गात काडतुसाची रचना दाखवण्यासाठी ठेवलेली रिकामी पुंगळी निराळी, आणि टोप्यांची डबी, दारूचा पुडा नि छर्रे ह्यांच्या शेजारी ठेवलेल्या पन्नास पुंगळ्या निराळ्या. तरीही मी गुरुजींना सांगितले, ती आजोबांना परत पोचवा. वर्गात चित्र काढून दाखवा. चित्रात टोपी, दारू, छर्रे सगळे नीट दिसते आणि कोणी खिशात घालून नेत नाही.

आणि पोराला उत्तर काय द्यायचे? "होय, भरता येते," हेच सांगा. त्याच्याबरोबर सातशे पट दाबाचे गणित फळ्यावर करून दाखवा, पोरे चाकातल्या हवेवरून ते बरोबर समजतात. एसटीच्या चाकाचा ट्यूब फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकलेला असतो. मग भरणारा किती शिकलेला लागतो ते सांगा, आणि वरणगावची पुंगळी किती वेळा तापवून घडते तेही सांगा. मात्र न झाडलेले काडतूस, खळगा न पडलेली टोपी किंवा कसलाही न ओळखीचा बार वाटेत, शेतात, ओढ्यात सापडला तर हात लावायचा नाही, दगड मारून पाहायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचे आणि त्याने पोलीस ठाण्याला कळवायचे, एवढे मात्र मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या.

मामांची गाठ मी अजून घेतलेली नाही. आजोबांचा परवाना मात्र गुरुजींनी पाहिला. त्यावर काडतुसांचा आकडा आहे, भरण्याबद्दल एक अक्षर नाही. आजोबा म्हणाले, "मी काय भरत नाही बाबा, मी दुकानातनंच आणतो. हे बोलणं त्याचंच." त्यांची बारा बोअरची काडतुसे खडकीच्या १८६९ सालच्या जुन्या दारूगोळा कारखान्यातली आहेत. डब्यावरची खूण गुरुजींनी वाचून पाहिली आणि डबा पुन्हा कुलपात ठेवायला लावला. किल्ली आता आजोबांच्या करगोट्याला असते.